उटकमंडची बाग

निलगिरीचें तेल ठाऊक नाहीं असें मराठी घर क्वचितच सांपडेल. पडसें झालें, डोकें जड झालें, कीं त्याचे दोन थेंब रुमालावर पडावयाचेच. परंतु ज्या झाडापासून हें तेल निघतें तें निलगिरी पर्वताचें मूळचें रहिवासी नव्हे. तें ऑस्ट्रेलियांतलें, निलगिरीवर तें इ. स. १८४३ सालीं आलें, आणि आमच्या भाषेनें त्या पाहुण्यास पर्वताचेंच नांव देऊन टाकलें. उटकमंड, म्हणजे आजचें उदगमंडलम्, येथील सरकारी वनस्पति-उद्यानांत हिंडतांना आम्हांस ही गोष्ट वारंवार आठवत होती.

दोड्डबेट्टा शिखराच्या उतारावर ही बाग सुमारें ५५ एकरांत पसरलेली आहे. मे महिन्यांतील पुष्पप्रदर्शनास लोकांची झुंबड उडते. हिरवळी, फुलांचे ताटवे आणि दगड होऊन पडलेला पुरातन वृक्षाचा बुंधा पाहून लोक तृप्त मनानें परततात. त्यांत गैर कांहीं नाहीं. पण ही बाग केवळ शोभेसाठीं लावलेली नव्हे. तिचा आरंभ तर अगदीं पोटाच्या प्रश्नांतून झाला. कोइमतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन यानें १८१९ नंतर या थंड पठारावर गोऱ्यांची वस्ती वसविली. तेथें मन रमलें तरी विलायती भाज्या स्वस्त मिळेनात. तेव्हां रहिवाशांनीं दरमहा तीन रुपये वर्गणी काढून भाजीचा मळा केला. तो नीटसा चालला नाहीं. शेवटीं १८४८ सालीं लंडनजवळच्या क्यू येथील प्रसिद्ध उद्यानांतून विल्यम ग्रॅहम मॅकायव्हर या माळ्यास आणलें, आणि त्यानें सुमारें दहा वर्षें खपून त्या उताराची बाग केली.

मॅकायव्हरचें खरें काम मात्र पुढेंच होतें. हिंवतापानें या देशांत माणसें मरत, आणि त्यावरचें औषध जें कोयनेल तें दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वतावरच्या सिंकोना नांवाच्या झाडाच्या सालींतून निघे. ती साल विकत घेण्यापेक्षां झाडच हिंदुस्थानांत आणावें असें इंग्रज सरकारनें ठरविलें. क्लेमेंट्स मार्कहम यानें १८६० सालीं पेरू देशांतून रोपें काढलीं, पण हिंदुस्थानांत पोंचेपर्यंतच्या हालांनीं तीं दगावलीं. त्याच सुमारास रिचर्ड स्प्रूस व रॉबर्ट क्रॉस यांनीं इक्वेडोरमधून तांबड्या सालीच्या जातीचीं रोपें मिळविलीं. तीं कांचेच्या बंद पेट्यांत ठेवून समुद्रपार केलीं. या पेटींत मातींतली ओल वाफ होऊन कांचेवर जमते व पुन्हां खालीं गळते, त्यामुळें खाऱ्या वाऱ्यापासून रोप वांचतें व पाण्यावांचून महिनेच्या महिने तगतें. १८६१ सालीं चारशेंहून अधिक रोपें जिवंत उटकमंडास पोंचलीं. मॅकायव्हरनें त्यांच्या कलमांवरून दोड्डबेट्टा व नडुवट्टम् येथें मळेच्या मळे उठविले. साल काढतांना झाड मारावें लागूं नये म्हणून त्यानें एक युक्ति काढली: सालीच्या एकाआड एक पट्ट्या सोलावयाच्या आणि उघड्या भागावर शेवाळ बांधावयाचें. साल पुन्हां येई, आणि तींत औषधी अंश पहिल्यापेक्षांहि अधिक असे. नडुवट्टमच्या मळ्यांत राबलेल्यांत चिनी कैदीहि होते.

याला चोरी म्हणावें कीं परोपकार? अँडीजमधील लोकांचा विरोध असतांना रोपें व बीं बाहेर काढावीं लागलीं, एवढें खरें. चार्ल्स लेजर या व्यापाऱ्यासाठीं उत्तम बीं गोळा करणारा बोलिव्हियांतील मानुएल इन्क्रा ममानी पुढें तुरुंगांत गेला, मार खाऊन मेला. गंमत अशी कीं, त्यानें गोळा केलेलें तें बीं लंडनमधील ब्रिटिश अधिकाऱ्यांनीं नाकारलें. १८६५ सालीं डच लोकांनीं त्यांतलें एक पौंड घेतलें आणि जावा बेटांत लावलें. त्या जातींत कोयनेलाचा अंश इतका भरघोस निघाला कीं, कालांतरानें जगाचा बाजार जावाच्या हातीं गेला. निलगिरीवरची तांबडी साल मागें पडली. तरीहि तिची निंदा करण्यास आमची जीभ धजत नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून टपाल कचेरींतून पैशाला मिळणाऱ्या कोयनेलाच्या पुडीनें किती घरें वांचविलीं याची मोजदाद कोणी करावी! ममानीचें नांव मात्र त्या पुडीवर नव्हतें.

सह्याद्रीवरहि हा प्रयोग झाला. महाबळेश्वराजवळ लिंगमळ्यास सरकारनें सिंकोना लावला होता. तो जगला नाहीं. निलगिरीवर दोन्ही मोसमांचा पाऊस पडतो, आमच्याकडे मात्र चार महिने धो धो आणि मग कोरड.

बागेच्या वरच्या अंगास तोडा लोकांचा एक मंड, म्हणजे पाडा, आहे. म्हशींवर जगणाऱ्या या लोकांचीं ठेंगणीं, कमानदार छपरांचीं घरें पाहण्यास प्रवासी तेथवर चढतात, आणि तोही बागेचाच एक देखावा समजतात. वास्तविक मंड आधींचा, बाग मागाहूनची. हें सारें पठार त्यांच्या म्हशींचें कुरण होतें. या जमिनीवर तोडांचा हक्क आहे असें सलिव्हन सरकारशीं भांडून सांगत असे. पण वस्ती वाढविणाराहि तोच. लोकांस जळण व्हावें म्हणून ऑस्ट्रेलियांतून निलगिरीच्या झाडाबरोबर तिकडची बाभूळ, वॅटल, आणली गेली. तिनें गवताळ रानें व्यापलीं, आणि ओढ्यांकांठच्या दाट राया, ज्यांस तिकडे शोला म्हणतात, त्यांच्या कडेपर्यंत ती जाऊन भिडली. कुरण गेलें तसे म्हशींचे कळपहि आटले. २०२२ सालीं तमिळनाडु सरकारनें अशा उपऱ्या झाडांचें निर्मूलन करण्याचें धोरण जाहीर केलें. वॅटल उपटून त्या जागीं पुन्हां गवत रुजविण्याचें काम आतां त्या डोंगरांवर चाललें आहे. आणि कोणतें गवत कोठें उगवत असे हें विचारावयास लोक तोडांच्याच मंडांत जातात.