औषधपुनरवलोकन, वार्धक्यातील
वृद्ध रुग्ण नित्य घेत असलेल्या समस्त औषधांची आवश्यकता, मात्रा व परस्परविरोध यांची ठराविक मुदतीने होणारी वैद्यकीय तपासणी. वृद्धांस सामान्यतः वर्ज्य अशा औषधांची यादी १९९१ मध्ये अमेरिकेत मार्क बियर्स यांनी प्रसिद्ध केली. शिरूर तालुक्यातील केंदूरसारख्या गावी सरकारी केंद्र, खाजगी दवाखाना व औषधांचे दुकान येथील गोळ्या एकाच पिशवीत जमल्यास, एकच वेदनाशामक दोन नावांनी पोटात जाऊन मूत्रपिंडास अपाय होण्याचा संभव असतो; म्हणून ती पिशवी डॉक्टरांसमोर रिकामी करणे, हा तपासणीचा प्रारंभ होय. पुनरवलोकनाने अनुचित औषधे घटतात. परंतु रुग्णालयप्रवेश व मृत्यू यांवरील परिणाम अनिश्चित असल्याने ते सरसकट न करता, पाच वा अधिक औषधे घेणाऱ्यांपुरते करणेच खर्चाच्या दृष्टीने इष्ट ठरते.