काळ्या गाडीचं फडकं

काळ्या गाडीवरचे बारीक ओरखडे रस्त्यावर फार थोडे पडतात. ते पडतात सकाळी, इमारतीच्या आवारात, फडक्याखाली. लालबागच्या गॅरेजमध्ये रंग आणि पॉलिशचं काम करण्यात माझं आयुष्य गेलं. माझ्या आधी बाबांचंही तिथेच गेलं. गाडी घेऊन येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला मी हे सांगतो. बॉनेटवर विजेरी धरली की उजेडाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेषा दिसू लागतात. मालक हादरतो आणि मग गाडी पुसणाऱ्या पोऱ्याच्या नावाने बोलायला लागतो. मला तो राग पटत नाही. त्या पोराच्या हातातल्या फडक्यामागे शंभराहून जास्त वर्षांची रीत आहे, आणि ती रीत एके काळी अगदी बरोबर होती.

मोटारी यायच्या आधी बग्ग्या होत्या, आणि रंगकामातलं सगळं शहाणपण मोटारींना बग्ग्यांकडूनच मिळालं. चांगल्या बग्गीच्या रंगाला आठवडेच्या आठवडे लागत. आधी शिशाच्या सफेद्याचं अस्तर, त्यावर लांबी, मग प्युमिसच्या दगडाने पाणी घालून घासणं, मग ब्रशने रंगाचे हात, आणि सगळ्यात वर जवसाचं तेल आणि कोपल राळ उकळून केलेल्या वार्निशचे थर. हे वार्निश नाजूक असे. म्हणून एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत बग्गी सांभाळण्याचे कडक नियम छापले जात. चिखल अंगावर वाळू द्यायचा नाही. उन्हात धुवायची नाही. आधी भरपूर पाणी सोडून माती सैल करायची, स्पंज नंतर. अंगाचा स्पंज वेगळा, चाकांचा वेगळा. शेवटी शामॉय कातड्याने पाणी टिपून घ्यायचं. तबेल्याला लागून बग्गी ठेवायची नाही, कारण घोड्यांच्या मुतातून उठणाऱ्या अमोनियाने वार्निश मरतं.

हे नियम मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला फार आनंद झाला. आज महागड्या डिटेलिंगच्या दुकानात जे शिकवतात, ते जवळजवळ सगळं त्यांत आहे. फक्त त्या काळी ते करणारा माणूस पगारी होता, त्याच्याकडे विहिरीचं किंवा पंपाचं पाणी होतं, आणि त्याच्या जबाबदारीवर एकच गाडी होती. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा.

मग फोर्ड आला. मॉडेल टी गाडी 1914 ते 1925 या काळात कारखान्यातून फक्त काळ्या रंगात निघायची. काळा रंग लवकर वाळतो म्हणून तो निवडला, असं सगळीकडे सांगितलं जातं. रंगारी म्हणून मला हे कारण अपुरं वाटतं. फोर्डच्या कारखान्यात वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे काळे रंग लागत. काही भाग रंगात बुडवत, काहींवर रंग ओतत, काही भट्टीत भाजत. डांबरासारख्या खनिजापासून केलेला काळा स्वस्त पडतो आणि टिकतो, हे त्यातलं मोठं कारण. एवढं मात्र खरं, की ब्रश, प्युमिस आणि आठवडेच्या आठवडे थांबणं हे सगळं सरकत्या पट्ट्यावर गाड्या जोडणाऱ्या त्या कारखान्याला परवडणारं नव्हतं.

वाळण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुटला तो ड्यू पॉन्ट कंपनीच्या ड्युको रंगाने. नायट्रोसेल्युलोजचा हा रंग पिचकारीने मारता येई आणि तासांत वाळे. जनरल मोटर्सने 1924 सालच्या ओकलंड गाडीवर तो निळ्या रंगात आणला. आमच्या गॅरेजांत 'ड्युको' हा शब्द त्यानंतर कितीतरी दशकं चालला. मग डब्यावर कुणाचंही नाव असो. हा रंग मारल्यावर मात्र चकाकत नसे. चमक रबिंग कंपाउंडने घासून बाहेर काढावी लागे. चमक हाताच्या मेहनतीतून येते, ही समजूत आमच्या धंद्यात तेव्हापासून मुरली. गाडी जितकी पुसावी तितकी ती चांगली दिसते, हे तेव्हा खरंच होतं.

मुंबईतलं काळ्या रंगाचं खरं राज्य टॅक्सीचं. वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964 साली फियाट 1100 डिलाइट बाहेर पडली, आणि पुढे तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं. छत पिवळं, खालचं अंग काळं. आमच्या गॅरेजला या गाडीने दोन पिढ्या जेवू घातलं. तिचं पत्र्याचं अंग गोलसर, मडगार्डचा उतार असा की हात आपोआप फिरतो. बाबा म्हणायचे, "पद्मिनीला रंग मारायला शीक, मग दुसरी कुठलीही गाडी जड जाणार नाही."

टॅक्सीवाला पहाटे एक बादली पाणी, एक फडकं आणि थोडं घासलेट घेऊन गाडीला लागे. आधी कोरड्या फडक्याने धूळ झटकायची, मग ओल्याने पुसायचं, मग घासलेटाचा हलका हात मारून चमक आणायची. फडकं म्हणजे जुना गंजीफ्रॉक नाहीतर धोतराचा तुकडा. या रीतीने रंगावर ओरखडे पडत होतेच. पण टॅक्सीला दरवर्षी पासिंग असायचं. पासिंगच्या आधी गाडी आमच्याकडे यायची, ठोकाठोक व्हायची, लांबी भरायची, पाण्यात पेपर मारायचा आणि काळ्याचे नवे हात चढायचे. जुन्या टॅक्सीचा दरवाजा खरवडताना थरावर थर निघत. काळा, काळा, लांबी, पुन्हा काळा. त्या जाडीला वर्षभराच्या फडक्याने काय होणार? एका वर्षाचे ओरखडे पुढच्या वर्षीच्या रंगाखाली गाडले जात.

शिवाय त्या रंगावर वेगळा पारदर्शक थर नसे. कंपाउंड लावून घासलं की फडकं काळं होई. ते काळं फडकं म्हणजे काम होतंय याची खूण. बाबा पोरांना फडकं दाखवायला सांगत, आणि ते हवं तितकं काळं झालेलं नसेल तर पुन्हा घासायला लावत. घासण्याने रंगाचा वरचा मेलेला पापुद्रा निघायचा आणि खालचा ताजा काळा वर यायचा. मग मेणाचा हात. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळणारं कार्नोबा मेण काळ्यावर जी खोली आणतं, तशी खोली मी दुसऱ्या कशानेही आलेली पाहिली नाही.

शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने 30 ऑक्टोबर 2023 पासून पद्मिनी टॅक्सी म्हणून रस्त्यावर राहिली नाही. तिच्यासोबत तो जाड, दरवर्षी नवा होणारा काळा रंगही गेला. पहाटेचं फडकं मात्र राहिलं. ते टॅक्सीस्टँडवरून इमारतींच्या पार्किंगमध्ये पोचलं होतंच.

आता ज्या काळ्या गाड्या येतात, त्यांच्या पत्र्यावरच्या सगळ्या थरांची जाडी मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन असते. त्यातला वरचा पारदर्शक क्लिअर कोट 40-50 मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. खाली रंग काळा, पण आपण पाहतो ती चमक या पारदर्शक थराची. मुंबईच्या धुळीत वाळूचे कण असतात, आणि वाळूतलं क्वार्ट्झ कठीणपणाच्या मोह्स मापावर 7 वर येतं. खिडकीची काच साधारण 5.5 वर. काचेला ओरखडणारा कण क्लिअर कोटला सोडेल कसा? कोरडं फडकं फिरलं की तो कण बॉनेटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढला जातो.

पांढऱ्या गाडीवरही तितकेच ओरखडे असतात. पांढरा रंग स्वतःच उजेड चहूकडे विखुरतो, त्यात ओरखड्याने विखुरलेला उजेड हरवून जातो. काळा रंग उजेड गिळतो. मग ओरखड्याच्या कडेवरून परतलेला तेवढाच उजेड डोळ्यांना दिसतो. रेषा गोल दिसतात त्याचं कारणही मला फार सुंदर वाटतं. ओरखडे खरं तर सगळ्या दिशांना असतात, पण दिव्याचा उजेड आपल्या डोळ्यांकडे वळवणारे तेवढेच चमकतात, आणि ते दिव्याभोवती गोल मांडल्यासारखे दिसतात. दिवा हलवला की जाळंही हलतं.

हे ओरखडे पॉलिशने काढता येतात. पण काढणं म्हणजे क्लिअर कोट ओरखड्याच्या तळापर्यंत घासून कमी करणं. तो थर दरवर्षी नवा येत नाही. म्हणून दर दिवाळीला गाडी पॉलिशला आणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी परत पाठवतो. त्या पैशात चांगल्या बादल्या आणि फडकी घ्या, असं त्याला सांगतो.

त्या पोऱ्याला काय शिकवायचं तेही मी लिहून ठेवतो. गाडी सावलीत, पत्रा गार. आधी पाण्याचा फवारा, चिकटलेल्या मातीवर साबणाचा फेस सोडून थोडं थांबणं, पुन्हा फवारा. दोन बादल्या: एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. दोन्हींच्या तळाशी जाळी, म्हणजे खाली बसलेली वाळू पुन्हा वर येत नाही. मायक्रोफायबरचा हातमोजा वरून खाली, छतापासून सुरू. प्रत्येक भागानंतर तो साध्या पाण्यात खळखळून मगच शाम्पूत. चाकांचं फडकं वेगळं, रंगही वेगळा, म्हणजे चूक होणार नाही. खाली पडलेलं फडकं पुन्हा गाडीला लागता कामा नये. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर अंगावर वाळू द्यायचं नाही, क्षारांचे पांढरे ठिपके काळ्यावर बसतात आणि उन्हात घट्ट होतात. शेवटी जाड टॉवेल अंगावर पसरून पाणी टिपायचं, घासायचं नाही. पक्ष्यांची घाण दिसली तर तेवढीच जागा पाण्याने भिजवून लगेच उचलायची.

हे सगळं मी एका सोसायटीत काम करणाऱ्या पोराला समजावलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "काका, माझ्याकडे पंचवीस गाड्या आहेत. साडेआठच्या आत सगळ्या झाल्या पाहिजेत. खालच्या नळाचं पाणी घ्यायला बंदी आहे. एका बादलीत मी किती गाड्या धुवू?"

त्याचं बरोबर होतं. बग्गीवाल्याजवळ एक गाडी होती, टॅक्सीवाल्याजवळही एकच. याच्याकडे पंचवीस, आणि सगळ्यांना एकच बादली. पंचवीस गाड्यांची वाळू त्या एका पाण्यात जमते आणि शेवटच्या काळ्या गाडीवर फिरते. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या काळ्या गाडीच्या मालकांना मी एक व्यवहार सुचवतो. रोजचं पुसणं बंद करायचं. आठवड्यातून दोन वेळा पूर्ण धुवायची, त्या दिवशी पाणी आणि नळ मालकाने सोसायटीकडून मिळवून द्यायचा, बादल्या, मोजा आणि टॉवेल मालकाचे, आणि पोराचा महिन्याचा पगार होता तेवढाच ठेवायचा. काहींनी हे मान्य केलं. त्यांच्या गाड्या मी वर्षभराने विजेरीखाली पाहतो, आणि पॉलिशला हात न लावता परत देतो. बाकीच्यांना सकाळी ऑफिसला निघताना गाडी पुसलेली दिसायला हवी असते. त्यांना मी एवढंच विनवतो, की काच पुसून घ्या, दरवाजाच्या मुठी पुसून घ्या, आणि काळ्या पत्र्यावरची धूळ पाणी मिळेपर्यंत तशीच राहू द्या.