आमगावातली डीटीपी

1 मे 1999 ला गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला आणि आमगावच्या माझ्या दुकानात पुढचे काही महिने कामाची रीघ लागली. ग्रामपंचायतींची लेटरहेड, शाळांच्या दाखल्यांचे नमुने, सोसायट्यांची पावतीपुस्तकं, राइस मिलची बिलबुकं, लग्नपत्रिका. सगळीकडचं ‘जि. भंडारा’ काढून ‘जि. गोंदिया’ घालायचं होतं. खिळ्यांच्या छापखान्यात प्रत्येक मजकूर पुन्हा जुळवावा लागला असता. माझ्याकडे संगणकावर पेजमेकर होतं, जुनी कामं फ्लॉपीत होती. एक शब्द बदलायचा, बटर पेपरवर लेझर प्रिंट काढायची आणि प्लेट करायला गोंदियाला पाठवायची.

त्याआधी मी मराठी टायपिंग शिकले होते, रेमिंग्टनच्या मशीनवर. नागपूरहून पहिला जुना संगणक आणला, तेव्हा बोटांना नवीन काही शिकावं लागलं नाही. डीच्या जागी ‘क’ होता तो तिथेच राहिला. मात्र आत काय चाललंय ते समजायला वेळ लागला. त्या फाँटांमध्ये मराठी अशी साठवलेलीच नसायची. संगणकाच्या लेखी ते कुठलंतरी रोमन अक्षर होतं. फाँट फक्त त्यावर ‘क’चं चित्र चढवत होता. फाँट बदलला की ‘धान’चे रोमन अक्षरांचे तुकडे व्हायचे.

मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या माणसाला हे फार जाणवे. आमच्याकडे मुलगी तिरोड्याची आणि मुलगा बालाघाटचा, असं लग्न नेहमीचं. मुलाकडचा मजकूर हिंदीत, कृतिदेव फाँटमध्ये यायचा. माझी मराठी श्रीलिपीत. लिपी एकच देवनागरी, पण एका फाँटातली फाइल दुसऱ्यात उघडेना. मग फ्लॉपीत मजकुराबरोबर फाँटही द्यायची पद्धत पडली. श्रीलिपीला डोंगल लागे, ते प्रिंटरच्या पोर्टात खोचलेलं असे. लोडशेडिंगच्या काळात कामं पहाटे उरकावी लागत, ते वेगळंच.

खरी पंचाईत याद्यांची. सोसायटीच्या सभासदांची नावं अकारविल्हे लावायला सांगितली, की संगणक भलताच क्रम लावी. टाइपरायटरच्या सवयीने पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, म्हणून ‘किसन’, ‘विठोबा’ आणि ‘दिगंबर’ सगळे वेलांटीखाली एकत्र गोळा व्हायचे. त्या याद्या मी हाताने लावल्या आहेत. माझ्या मते मराठी कारकुनाचे सर्वांत जास्त तास याच एका गोष्टीने खाल्ले, आणि त्याची नोंद कुठेच नाही.

यावरचा उपाय तेव्हा जगात होता. प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 ची, आणि तिची देवनागरी भारतीय ‘इस्की’ संहितेवरूनच घेतलेली. विंडोज 2000 मध्ये युनिकोडचा मंगल फाँट आला. तरी एक्सपीच्या काळातही सीडी घालून भारतीय लिप्यांचा पर्याय चालू करावा लागे, आणि पेजमेकर तर युनिकोड जाणतच नव्हतं. छपाई जुन्या फाँटात, सरकारी अर्ज नव्यात, अशी दुहेरी कसरत बरीच वर्षं चालली. शिवाय मंगलमधले ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे. 6 नोव्हेंबर 2009 च्या शासन निर्णयाने मराठीचा पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ प्रमाण ठरवला, याचा मला मनापासून आनंद झाला. पोरांच्या पाटीवरचं अक्षर आणि पडद्यावरचं अक्षर एकच असायला हवं.

आता सातबारा मोबाइलवर निघतो आणि लग्नपत्रिका व्हॉट्सॲपवर जाते. माझ्याकडे लोक येतात ते जुन्या फायली घेऊन. दंडारींच्या, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यांच्या, संहिता, गावच्या मंडईच्या (जत्रेच्या) स्मरणिका, कुणाच्या आजोबांचं आत्मवृत्त. बऱ्याच फ्लॉप्यांना बुरशी लागलेली असते. ज्या उघडतात त्यांचा मजकूर मी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये नेते आणि छापील प्रतीशी ओळ न् ओळ ताडून पाहते. कन्व्हर्टर रफार चुकीच्या अक्षरावर टाकतो, ‘शेतकऱ्यांना’मधला अर्धा र गाळतो. छापील प्रत नसेल तर दंडारीत काम केलेल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून वाचून घेते. ज्यांच्या घरी अशा फायली आहेत त्यांनी जुना संगणक भंगारात देण्याआधी त्यातला फाँट तेवढा काढून ठेवावा. तो मिळाला तर निम्मं काम झालं.