यंत्रातला भूप

श्रोतेहो, गणपतीत चाकरमानी गावी येतो आणि रात्रीच्या भजनात पेटीशेजारी विजेवर चालणारे पॅड मांडतो. म्हातारी मंडळी कुरकुरतात, "पोरांनी सगळं बुडवलं!" पोरगा हिरमुसतो, पुढल्या वर्षी भजनाला बसत नाही. हा निवाडा थोडा तपासून पाहू या.

ज्या पेटीची आपण बाजू घेतो ती तरी कुठली? एकोणिसाव्या शतकात युरोपातून आलेली. तिचे स्वर आधीच ठरलेले, मींड तिच्यातून निघत नाही, म्हणून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला बंदी केली. ती सैल व्हायला १९७१ साल उजाडले. १९७७ साली आपले रत्नागिरी केंद्र सुरू झाले, तेव्हा पेटी पुन्हा आकाशवाणीवर आलेली होती.

आता मुंबईची एक गोष्ट ऐका. चरणजित सिंग हे सिनेसंगीतातले वादक. १९८२ साली त्यांनी भैरवी, ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग जपानी यंत्रांवर वाजवून त्यांची तबकडी केली. एक यंत्र ठेका धरणारे, एक सुरांचे आणि एक खर्जाचे. हे खर्जाचे यंत्र एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला साथ मिळावी म्हणून बनवलेले. पण त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. पेटीला जे जमत नव्हते, त्याच्या थोडे जवळ हे यंत्र गेले!

तबकडी फारशी कोणी घेतली नाही. पुढे १९८७ साली अमेरिकेत शिकागोच्या तरुणांनी त्याच जातीच्या यंत्रावर नवे नाचाचे संगीत काढले, ते जगभर गाजले. २०१० साली हॉलंडमधून ही जुनी तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा लोक चकित झाले: असलाच नाद मुंबईत पाच वर्षे आधी! चरणजित सिंग २०१५ साली वारले. हा मान त्यांनी डोळ्यांनी पाहिला, एवढे बरे झाले.

मग राग टिकला का? खरे सांगायचे तर काही टिकले, काही गेले. रागाचे स्वर आणि चढउतार राहिले. पण सावकाश केलेली बढत गेली, समेची ओढ गेली. ठेका एकसारखा ठोकत राहिला. तोडीचा गांधार गवई जितका उतरवून लावतो, तितका यंत्रात लागला नाही.

गुरुजी, उद्या वर्गात पेटी काढा. सा रे ग प ध या पाच स्वरांत गांधारावर थांबत भूप वाजवा. मग तेच स्वर घेऊन धैवतावर थांबा; मुलांना देशकार ऐकू येईल. स्वर तेच, चाल बदलली की राग बदलला. हे ज्या मुलाच्या कानाला कळले, त्याच्या हाती पेटी द्या नाहीतर पॅड द्या, तो भजन बुडवणार नाही. म्हणून मंडळी, यंदा त्या पोराला उठवू नका. जवळ बसवा आणि आधी चाल शिकवा.