मेळरचना (पडद्यांच्या तंतुवाद्यांवरील)

सप्तकातील बारा स्वरस्थानांतून सात स्वर निवडून मेळ किंवा थाट बांधण्याची आणि तो वाद्याच्या पडद्यांवर बसवण्याची रीत. तिची सर्वांत काटेकोर मांडणी सतराव्या शतकात तंजावरच्या नायक राजांच्या आश्रयाने झाली. तंजावरजवळच्या कुंभकोणमशी तिचा संबंध येतो तो गोविंद दीक्षितांमुळे. हे नायकांचे मंत्री. कुंभकोणमच्या महामहम् तलावाभोवतीचे सोळा मंडप त्यांनी बांधून घेतल्याचे सांगतात. ‘संगीतसुधा’ हा ग्रंथ रघुनाथ नायकाच्या नावावर असला, तरी तो दीक्षितांनी रचल्याचे त्यांचे पुत्र व्यंकटमखी म्हणतात.

पूर्वी राग बदलला की वीणेचे पडदे सरकवावे लागत. सर्व रागांसाठी एकदाच पडदे बसवलेली ‘रघुनाथमेळ वीणा’ परंपरेने याच दरबाराची मानली जाते. आजच्या तंजावर वीणेवर 24 पडदे मेणाच्या थरात पक्के बसवलेले असतात, सप्तकाला बारा. गिटारवरही बाराव्या फ्रेटला सप्तक पूर्ण होते. त्यामुळे वीणेचे गणित तिला जसेच्या तसे लागू पडते. मोकळी तार षड्ज धरून 2, 4, 5, 7, 9, 11, 12 या फ्रेटवर बोट ठेवले की शंकराभरणम्, म्हणजे आपला बिलावल, पाश्चात्त्यांचा मेजर स्केल, मिळतो. 1, 4, 5, 7, 8, 11, 12 घेतल्यास मायामाळवगौळ, म्हणजे भैरव. दक्षिणेत नवशिक्याचे पहिले पाठ यातच असतात.

व्यंकटमखींच्या ‘चतुर्दण्डिप्रकाशिके’तील युक्ती अशी: षड्ज व पंचम अचल. त्यांच्यामधल्या रिषभ-गांधाराच्या सहा जोड्या, पंचमावरच्या धैवत-निषादाच्या सहा, मध्यम दोन; 6 × 6 × 2 = 72 मेळ. शुद्ध मध्यमाचे पहिले 36, तीव्र मध्यमाचे पुढचे. सहा मेळांचे एक चक्र; शंकराभरणम् पाचव्या चक्रातील पाचवा, म्हणून क्रमांक 29. यातले प्रचारात असलेले मेळ ते स्वतः 19 च मानतात. आज शिकवली जाणारी कनकांगी वगैरे नावे नंतरची आहेत. ग्रंथाच्या रचनाकाळाविषयी एकमत नाही.

नायकांनंतर तंजावरच्या मराठा काळात तुळजाजी राजे (कारकीर्द 1728–36) यांनी ‘संगीतसारामृत’ लिहिले. पुढे हिंदुस्थानी संगीताचे अभ्यासक भातखंडे 1904 मध्ये दक्षिणेत गेले, तेथील संगीतशास्त्रज्ञ सुब्बराम दीक्षितांना भेटले, आणि या 72 मेळांच्या आधारे हिंदुस्थानी संगीतासाठी दहा थाट ठरवले. मद्रासच्या संगीत अकादमीने ‘चतुर्दण्डिप्रकाशिका’ 1934 मध्ये छापली.

गिटारवर एकाच तारेवर मेळ बांधणे सोपे, पण हात फार सरकतो. म्हणून तो शेजारच्या तारांत वाटतात. प्रचलित मिळवणीत (ई, ए, डी, जी, बी, ई) शेजारच्या तारांमध्ये पाच फ्रेटचे अंतर असते; फक्त जी आणि बी यांच्यात चार. शिकणारा बहुधा याच जागी चुकतो. एकदा बोटांची आकृती हातात बसली की षड्ज हलवून ती तशीच पुढे सरकवता येते. मात्र ती जी-बीच्या सीमेवर आली की बोटे एका फ्रेटने पुढे न्यावी लागतात.

कर्नाटक पद्धतीने गिटार वाजवणाऱ्यांत आर. प्रसन्ना हे नाव प्रमुख.

मेळ म्हणजे राग नव्हे. वीणेवर तार बाजूला ओढून काढलेली गमके रागाचे रूप ठरवतात; दोन पडद्यांमधल्या त्या जागा 72 च्या गणितात येत नाहीत.