दाबमापक, रुईदाब यंत्रांवरील
द्रवचालित यंत्रातील पाण्याचा वा तेलाचा दाब दर्शविणारे उपकरण. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) खानदेशच्या कापसाला मागणी वाढली व त्याच सुमारास तेथे रेल्वेही आली. फुगीर रुई वाघिणीत व जहाजात फार जागा व्यापते. म्हणून जळगाव येथे आणि १९०० मध्ये चाळीसगावशी लोहमार्गाने जोडल्या गेलेल्या धुळे येथे गासड्या बांधण्याचे कारखाने चालू लागले. मळसूत्री दाबयंत्रांची जागा पुढे जोसेफ ब्रामा यांच्या १७९५ च्या शोधावर आधारलेल्या द्रवीय दाबयंत्रांनी घेतली. अशा यंत्रात ३० सेंमी. व्यासाच्या दट्ट्यावर दर चौ. सेंमी.ला २०० किग्रॅ. दाब असता सु. १४१ टन भार मिळतो. हा दाब पाऱ्याच्या स्तंभाने मोजावयाचा, तर तो सु. १४७ मी. उंच लागेल! यूझेन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये एकस्व घेतलेल्या चपट्या, वक्र नळीने ही अडचण दूर झाली. दाबाने नळी सरळ होऊ पाहते व तिच्या टोकाची अल्प हालचाल दंतचक्राद्वारे काट्याला मिळते.

रुई प्रथम सहज दबते. शेवटी मात्र काटा झपाट्याने चढतो. गासडीला पट्ट्या आवळून झडप उघडली की दाब एकदम उतरतो. हा हिसका नळीला बसू नये म्हणून मापकाच्या मुखाशी बारीक छिद्राचा रोधक बसवितात. परंतु हेच छिद्र गाळाने तुंबले, तर काटा खालीच राहतो व कामगार दाब वाढवीत जातो. मापकाच्या बिघाडांत हा सर्वांत घातक होय, कारण मापक वरकरणी ठीकच दिसतो. यासाठी सुरक्षा झडप मापकाच्या जोडनळीवर न बसविता मुख्य नळावर स्वतंत्रपणे बसवितात.