गाडीतला अबोला

मिशिगनमध्ये येऊन स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींपैकी निम्म्यांची रोजीरोटी या ना त्या वाटेने मोटारीशी बांधलेली आहे. तरीसुद्धा मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत मला हमखास विचारला जाणारा प्रश्न एकच असतो: "अहो, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागलाय, गॅरेजवाला म्हणतो कॉम्प्युटर बदलावा लागेल. खरं का हो?" या प्रश्नाचं उत्तर रांगेत उभ्याउभ्या देता येत नाही, कारण त्यामागे चाळीस-पन्नास वर्षांचा इतिहास आहे. संपादकांनी पुरवणीत जागा दिली आहे, तेव्हा एकदा सविस्तर लिहून टाकतो.

गाडीत इलेक्ट्रॉनिक डोकं शिरलं ते मुख्यतः धुरामुळे. फोक्सवॅगनने १९६८ च्या मॉडेलमध्ये बॉशची इलेक्ट्रॉनिक इंधनप्रणाली अमेरिकेत आणली होती, पण तो अपवाद. १९७० च्या क्लीन एअर ॲक्टने अमेरिकन कंपन्यांना धुराबद्दल जाब विचारायला सुरुवात केली आणि कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळून भागेनासं झालं. जनरल मोटर्सने १९८१ च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या जवळजवळ सगळ्या पेट्रोल गाड्यांत कॉम्प्युटर बसवला. धुराच्या नळीतला ऑक्सिजन मोजायचा आणि त्याप्रमाणे इंधन कमीजास्त करायचं, हे त्याचं मुख्य काम.

आता यंत्रात डोकं आलं म्हणजे ते बिघडलं तर कळणार कसं? जनरल मोटर्सने युक्ती मोठी साधी केली. डॅशबोर्डखाली बारा खाचांचा एक कनेक्टर ठेवला. त्यातल्या दोन खाचा तारेच्या तुकड्याने जोडायच्या (कागदाला लावायची साधी क्लिपसुद्धा चाले), इंजिन सुरू न करता किल्ली फिरवायची आणि 'चेक इंजिन'चा दिवा मोजत बसायचं. एक लुकलुक, थोडी विश्रांती, मग दोन लुकलुकी, म्हणजे १२. बारा म्हणजे "मी जागा आहे". त्यानंतर बिघाडाचे आकडे, प्रत्येक तीन-तीनदा. ४४ म्हणजे मिश्रणात इंधन कमी, ४५ म्हणजे जास्त. फोर्डमध्ये व्होल्टमीटर लावून काट्याचे झोके मोजावे लागत. क्रायस्लरमध्ये किल्ली पाच सेकंदांत तीनदा चालू-बंद करायची, की दिवा बोलू लागे, आणि ५५ आला की समजायचं, महाराजांचं निरूपण संपलं. एकाच शहरातल्या तीन कंपन्या, आणि तीन बोलीभाषा! त्या काळच्या मेकॅनिकच्या खिशात या आकड्यांचं चिटोरं असायचंच. मी त्या सुमारास डेट्रॉइटच्या परिसरात सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीत होतो, आणि ज्या कामगाराच्या हाताखाली गाडीतलं वायरिंग शिकलो, त्याला ही तीनही चिटोरी तोंडपाठ होती. आपल्याकडे पाढे पाठ असत तशी.

पण इथपर्यंत कॉम्प्युटर एकटा होता. तो बिघडला किंवा त्याचा एखादा सेन्सर बिघडला, एवढाच प्रश्न. खरी गंमत सुरू झाली ती एकाच्या जागी चार डोकी आली तेव्हा. इंजिनाचं एक, गिअरबॉक्सचं एक, एबीएस ब्रेकचं एक, डॅशबोर्डचं एक. एकमेकांशी बोलल्यावाचून त्यांचं भागेना. उदाहरण घ्या. बर्फावर चाक गरागरा फिरू लागलं, हे आधी कळतं ब्रेकच्या कॉम्प्युटरला, कारण चाकांचा वेग तो मोजतो. पण जोर कमी करायचा तर ते काम इंजिनाचं. ब्रेकने इंजिनाला "जरा दमानं घे" असं सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या हिशेबात सांगायला हवं. प्रत्येक निरोपाला वेगळी तार टाकायची म्हटलं, तर गाडीत माणसांपेक्षा तांबंच जास्त व्हायचं.

जर्मनीत बॉश कंपनीत उवे किएन्के यांनी १९८३ साली यावर काम सुरू केलं. कारखान्यांत वापरात असलेल्या तयार पद्धती त्यांनी तपासल्या, पण मोटारीच्या कामाची एकही निघाली नाही. पुष्कळ ठिकाणी सांगतात की तारा वाचवण्यासाठी ही नवी पद्धत काढली. तसं नाही. हेतू होता तो गाडीला नवी कामं शिकवण्याचा. तारा वाचल्या हा वरकड फायदा. फेब्रुवारी १९८६ मध्ये एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या डेट्रॉइटमधल्या अधिवेशनात किएन्के, झिगफ्रीड डाइस आणि मार्टिन लिट्शेल यांनी ही पद्धत जगापुढे मांडली. तिचं नाव कंट्रोलर एरिया नेटवर्क, म्हणजेच कॅन. पुढच्याच वर्षी इंटेलने तिची चिप काढली, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मर्सिडीझच्या मोठ्या एस-क्लास गाडीत ती रस्त्यावर आली आणि १९९३ मध्ये ती आयएसओचं मानकही झाली. आपल्यातल्या नाशिककरांना बॉश म्हटलं की मायकोचा कारखाना आठवेल. तीच ही कंपनी. तिथे डिझेलचे नोझल होत. ही गोष्ट मात्र स्टुटगार्टकडची.

कॅनची कल्पना मला आजही फार सुंदर वाटते, म्हणून इथे जरा रेंगाळतो. एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारा, आणि त्यांवर सगळे कॉम्प्युटर चावडीवर बसल्यासारखे बसलेले. कोणीही कोणाला नावाने हाक मारत नाही. इंजिन फक्त म्हणतं, "फेरे मिनिटाला दोन हजार", आणि ज्याला गरज असेल तो ऐकतो. दोघे एकदम बोलू लागले तर? प्रत्येक निरोपाच्या आधी त्याचा क्रमांक जातो. या तारांवर शून्य हा बलवान आणि एक हा दुबळा. दोघांनी एकदम बोलायचं म्हटलं तर तारेवर शून्यच उमटतं. आपण 'एक' म्हटलं आणि तारेवर 'शून्य' ऐकू आलं, की समजायचं, आपल्यापेक्षा महत्त्वाचा कोणीतरी बोलतोय, आणि गप्प बसायचं. त्यामुळे लहान क्रमांकाचा निरोप जिंकतो, तोही एक अक्षर वाया न जाता. आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेत ही पद्धत आणता आली असती तर काय बहार झाली असती!

दुसरी खुबी अधिक महत्त्वाची. प्रत्येक कॉम्प्युटर स्वतःच्या चुकांचा हिशेब स्वतःच ठेवतो. पाठवताना चूक झाली की खात्यात आठ गुण जमा, निरोप नीट गेला की एक वजा. १२८ झाले की तो दबकून वागू लागतो, आणि २५५ च्या पुढे गेला की स्वतःलाच तारेवरून बाजूला करतो. याला 'बस ऑफ' म्हणतात. एकाच्या बडबडीने सगळ्यांचं बोलणं बंद पडू नये, म्हणून ही शिस्त.

इथेच आपल्या गॅरेजवाल्याची अडचण सुरू होते. ज्याने स्वतःला बाजूला केलं तो तर बोलत नाही. तक्रार करतात ती बाकीचे. इंजिनाचा निरोप ठरलेल्या वेळेत आला नाही, की डॅशबोर्ड टिपून ठेवतो: "इंजिनाशी संपर्क तुटला." या तक्रारींचे आकडे इंग्रजी 'यू' अक्षराने सुरू होतात. यू ०१०० म्हणजे इंजिनाचा अबोला, यू ०१०१ गिअरबॉक्सचा, यू ०१२१ एबीएसचा, यू ०१४० बॉडी कॉम्प्युटरचा. हे आकडे सगळ्या गाड्यांत सारखे झाले ते कॅलिफोर्नियाच्या कृपेने. तिथल्या हवा मंडळाने १९८८ च्या गाड्यांपासून निदानाची पहिली सक्ती केली, आणि १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला तोच सोळा पिनांचा कनेक्टर आणि तेच आकडे आले. तरी त्या कनेक्टरमागच्या बोली वेगवेगळ्याच राहिल्या: फोर्डची एक, जनरल मोटर्सची दुसरी, क्रायस्लर आणि युरोप-जपानकडच्यांची तिसरी. सगळ्यांना कॅन बोलायला लावलं ते २००८ च्या मॉडेलपासून.

"संपर्क तुटला" हे वाक्य मोठं फसवं आहे. अबोला दोघांमध्ये असतो, पण आकड्यात नाव एकाचंच येतं. म्हणून ज्याचं नाव आलं त्यालाच फाशी देण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात त्या बिचाऱ्याचा फ्यूज उडालेला असू शकतो, जमिनीची तार गंजलेली असू शकते, किंवा मधली तारच तुटलेली असू शकते.

काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीतल्या एका काकूंची मिनीव्हॅन हिवाळ्यात अधूनमधून रुसायची. सकाळी किल्ली फिरवली की सगळे काटे शून्यावर, दिवे सगळे पेटलेले, इंजिन ढिम्म. दुपारी उन्हात उभी केली की शहाण्यासारखी सुरू. एका वर्कशॉपने आधी डॅशबोर्डचा कॉम्प्युटर बदलला, मग बॉडी कॉम्प्युटर. दोन्ही मिळून अठराशे डॉलर. आणि पुढच्या हिमवर्षावानंतर गाडी पुन्हा होती तशी. काकू एकट्या राहणाऱ्या, डायलिसिसला आठवड्यातून तीनदा जायचं. गाडी हा त्यांच्यासाठी चैनीचा विषय नव्हता.

मी माझ्या एका निवृत्त टेक्निशियन मित्राला घेऊन गेलो. त्याने आधी हत्यार काढलंच नाही. वही काढली. कोण कोणाबद्दल तक्रार करतो, याचा तक्ता मांडला. इंजिन, गिअरबॉक्स आणि एबीएस यांची आपसात काही तक्रार नाही. डॅशबोर्ड आणि बॉडी कॉम्प्युटर यांचंही आपसात गूळपीठ. पण या तिघांची त्या दोघांबद्दल तक्रार, आणि त्या दोघांची या तिघांबद्दल. म्हणजे आजारी कोणीच नाही; गावाच्या मधला पूल वाहून गेलाय आणि दोन वाड्या आपापल्या ठिकाणी सुखरूप आहेत. किल्ली ओळखणारा बॉडी कॉम्प्युटर एका वाडीत आणि इंजिन दुसऱ्या, म्हणून गाडी सुरू होत नव्हती.

मग मीटर काढला. कॅनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो, नाहीतर तारेच्या टोकावरून संदेश प्रतिध्वनीसारखा परत फिरतो. दोन रोधक समांतर, म्हणजे बॅटरी सोडवून कनेक्टरच्या ६ आणि १४ या पिनांमध्ये मोजलं तर ६० ओहम यायला हवेत. शाळेतलं भौतिकशास्त्र! शून्याजवळ आले तर तारा एकमेकींना चिकटल्या. १२० आले तर कुठेतरी एक टोक हरवलं. आम्हाला आले ६०. गाडी कोरडी होती ना. मित्राने मला मीटरकडे बघत बसायला सांगितलं आणि स्वतः ड्रायव्हरच्या पायाखालची तारांची जुडी हलवू लागला. साठ, साठ, साठ, एकदम एकशेवीस. गालिचा उचलला तर खाली तारांच्या जोडावर हिरवं बुरसट तांबं. बुटांचं बर्फ वितळायचं, रस्त्यावरच्या मिठाचं पाणी तिथे मुरायचं. जोड कापून नवा केला, सोल्डर करून वर रबरी नळी बसवली. त्यानंतर गाडी पाच हिवाळे धावली. जुने दोन्ही कॉम्प्युटर, माझी खात्री आहे, ठणठणीत असणार.

वही आधी आणि मीटर नंतर, हा क्रम त्या पिढीने स्वतः शोधून काढला, कारण कंपनीच्या पुस्तकातला तक्ता बहुधा "मॉड्यूल बदला" या चौकटीशी येऊन थांबायचा. पुढे ऑसिलोस्कोप स्वस्त झाले आणि तारांवरचं बोलणं डोळ्यांनी दिसू लागलं. शांत असताना दोन्ही तारा अडीच व्होल्टवर, बोलताना एक साडेतीनकडे चढते आणि दुसरी दीडकडे उतरते, जणू आरशातलं प्रतिबिंब. ते प्रतिबिंब मोडलेलं दिसलं, की एकेक मॉड्यूल सोडवत जायचं. ज्याला सोडवल्यावर आकृती सुधारते तो चोर. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा खात्रीचा मार्ग नाही.

अलीकडे मात्र या कनेक्टरवरच पहारा बसला आहे. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक यांनी चालत्या जीप चेरोकीत दुरून, रेडिओच्या वाटेने शिरकाव करून दाखवला आणि चौदा लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कॅन ज्या काळात रचलं, तेव्हा गाडीत परकं कोणी येईल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. चावडीवर जो बोलेल तो घरचाच, असं गृहीत होतं. आता पुष्कळ गाड्यांत मधे गेटवे नावाचा द्वारपाल असतो. पिन ६ आणि १४ वर ६० ओहम आले, तरी ते बहुधा दारापर्यंतच्या तारेचे. आतल्या तीन-चार तारांची नाडी तिथून लागत नाही. काही कंपन्यांच्या गाड्यांत तर नोंदणी केलेलं स्कॅनर असल्याशिवाय आकडा पुसतासुद्धा येत नाही.

सुरक्षितता हवी, हे मान्य. पण गल्लीतल्या गॅरेजवाल्याने मग करायचं काय? मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये प्रचंड बहुमताने सांगितलं की निदानाची माहिती कंपनीच्या डीलरला मिळते तशी बाहेरच्या मेकॅनिकलाही मिळाली पाहिजे. २०२० मध्ये त्यांनी बिनतारी माहितीबद्दलही तोच कौल दिला, आणि त्यावर कोर्टकचेऱ्या वर्षानुवर्षं चालल्या. भारतातही ओबीडी २०१० नंतर टप्प्याटप्प्याने आलं, आणि नाना पेठेत सुटे भाग घ्यायला येणाऱ्या पोरांच्या खिशात आता मोबाईलला जोडायचं स्कॅनर असतं. त्यांनाही हा प्रश्न आज ना उद्या भेटणारच आहे.

तूर्त, पुढच्या वेळी "कॉम्प्युटर बदलावा लागेल" असं कोणी म्हटलं, तर एवढंच विचारा: कोणाची कोणाबद्दल तक्रार आहे, त्याची यादी दाखवता का? आणि त्या मॉड्यूलपर्यंत वीज, जमीन आणि दोन्ही तारा पोचतात का, ते मोजलंत का? चांगला मेकॅनिक या प्रश्नांनी खूश होतो. आमचा तो मित्र तर स्वतःहून वही पुढे करायचा.